अंदाजाने काढलेले डोळे

हरिचंद्र गांगुर्डे उल्हासनगरात, चार नंबर कॅम्पातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. राहायला अंबरनाथ पश्चिमेला. वडील काडेपेटीच्या कारखान्यात होते, त्यांनी घेतलेल्या दोन खोल्या. त्यात तो, बायको माया आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कागदांचे गठ्ठे. मुंबईच्या आर्ट कॉलेजातून त्याने पेंटिंगचा डिप्लोमा केला होता, शेवटच्या वर्षी पोर्ट्रेट हा खास विषय घेऊन. तेव्हा वाटलं होतं, माणसांचे चेहरे काढण्यात आयुष्य जाईल. गेलं, पण वेगळ्या तऱ्हेने. शाळेत पोरांकडून फळांची टोपली आणि स्मरणचित्रातली जत्रा काढून घ्यायची, आणि शाळा सुटली की कॅम्पातल्या एका सिंधी फ्रेमवाल्याच्या दुकानात बसून वारलेल्या माणसांची चित्रं करायची. लोक रेशनकार्डावरचा नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला अंगठ्याएवढा फोटो आणून द्यायचे. फ्रेमवाला सांगायचा, "साईं, थोडा हँसता हुआ बना दो. घरवालों को अच्छा लगता है." हरिचंद्र हसू घालायचा. फोटोत न दिसणारा कान घालायचा, मान घालायचा, कधी कोटसुद्धा चढवायचा. कोणी तक्रार केली नाही.

बेचाळिसाव्या वर्षी मात्र त्याचं त्यालाच काहीतरी खुपायला लागलं. वडील गेले त्या वर्षी त्यांचं चित्र करायला बसला, तर हातून उतरला तो कॅलेंडरवरचा कोणीतरी म्हातारा. गुळगुळीत आणि हसरा. वडील आयुष्यात असे हसले नव्हते. त्याने तो कागद फाडला आणि त्याच आठवड्यात बदलापूरला जाऊन शंकररावांना गाठलं.

शंकरराव म्हणजे त्याचे कॉलेजातले पोर्ट्रेटचे शिक्षक. निवृत्त होऊन मांजर्लीत तळमजल्याच्या घरात राहत होते. दर रविवारी सकाळी पुढच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. शिकायला येणाऱ्यांसाठी नव्हे, शिकून झालेल्यांसाठी. सहा-सात जण असत. कोणी कारखान्यात ड्राफ्ट्समन, कोणी बँकेत, दोघे हरिचंद्रसारखे ड्रॉइंग टीचर. डिप्लोमा झालेल्या माणसाला शंकरराव पहिले सहा महिने फक्त प्लास्टरची कवटी काढायला लावत. समोरून, बाजूने, खालून, वरून. मग त्यावर एकेक स्नायू. कातडीला हात लावायचा नाही.

"चेहरा आतून बाहेर यायला पाहिजे," ते सांगत. "वरून आत नाही. वरून आत गेलात की तुम्ही तुमच्या मनातलंच काढता."

कवटी झाल्यावर जिवंत माणूस. बैठकीला चामटोलीहून गोजरबाई यायची. पन्नाशीची, भाजीच्या टोपल्या वाहून मान ताठ झालेली विधवा बाई. बदलापूरच्या बाजारात भाजी विकायची आणि रविवारी तीन तास खुर्चीवर बसायची. सुरुवातीला तिला हे भलतंच वाटलं होतं. पण शंकररावांनी तिचं काढलेलं पहिलं चित्र तिला दाखवलं तेव्हा तिने ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही तं माजी आय वाटते." त्यानंतर ती कधी चुकली नाही.

दोन वर्षं हरिचंद्रने तिचाच चेहरा काढला. साठ-सत्तर कागद झाले असतील. गालफडं जमली, हनुवटी जमली, पण डोळे हातात येईनात. खोल, मोठे, वरच्या पापणीवर दोन घड्या, आणि डावीकडच्या कोपऱ्यात काहीतरी असं, की समोरचा माणूस आत्ता उठून जाणार आहे हे तिला आधीच माहीत असावं. २००५च्या मे महिन्यात एका रविवारी ते डोळे हातात आले. चारकोलने, दहा मिनिटांत. शंकरराव मागे येऊन उभे राहिले आणि काही न बोलता पुढे गेले. त्यांच्याकडून एवढं मिळणं फार होतं. हरिचंद्रने तो कागद वर्गातच ठेवला, फ्रेम करायला नंतर नेऊ म्हणून.

मग सव्वीस जुलै झाला. उल्हास नदी मांजर्लीत शिरली आणि माणसांच्या डोक्यावरून गेली. शंकरराव शेजाऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावर होते म्हणून वाचले. वर्गाच्या खोलीत छतापासून हातभर खाली चिखलाची रेघ उमटली. ईझल, कवट्या, चाळीस वर्षांचे कागद, सगळ्याचा लगदा झाला. गोजरबाईचा तो चेहराही त्यातच गेला.

चौथ्या दिवशी हरिचंद्रला पोलिसांचा निरोप आला. नदीच्या खालच्या अंगाला लव्हाळ्यात अडकलेलं एक प्रेत मिळालं होतं. तिथल्या फौजदारांची मुलगी हरिचंद्रच्या वर्गात होती. ते स्वतः घरी आले.

"गांगुर्डे सर, फोटो काढलाय, पण तो लावून उपयोग नाही. चेहरा फुगलाय, आई ओळखणार नाही अशी अवस्था आहे. तुम्ही तो मूळचा कसा असेल तसा काढू शकाल का?"

हरिचंद्रने आधी नाही म्हटलं. मग फौजदार म्हणाले, "दुसरं कोण काढणार सर?" आणि त्याच्या मनात आलं, दोन वर्षं आपण हेच तर शिकतोय. मांस फुगतं, हाड फुगत नाही.

तो शवागारात दोन तास बसला. नाकाला विक्स लावलेला रुमाल बांधून. पंचवीस ते तीसचा पुरुष, अंगावर बनियन आणि हाफपँट. हरिचंद्रने बोटांनी चाचपून हाडं शोधली. भुवईचा कंगोरा, गालाचं हाड, जबड्याचा कोन. प्रत्येकाचं माप घेतलं. तीन कागद केले. एक समोरून, एक बाजूने, एक नुसत्या कानाचा. कान त्याला विशेष वाटला. पाळी सुटी नव्हती, थेट गालाला चिकटलेली, आणि वरच्या कडेला छोटी खाच. डोळे मात्र नदीने ठेवले नव्हते.

दुपारी घरी येऊन त्याने मोठा कागद ताणला. मापं उतरवली, कवटी बसवली, त्यावर स्नायू, मग कातडी. संध्याकाळपर्यंत एक तरुण माणूस कागदावर आला, फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढरे खड्डे. फौजदारांचा फोन आला, सकाळी झेरॉक्स काढून लावायचेत. हरिचंद्रने चारकोल उचलला. हात थांबला नाही. दहा मिनिटांत डोळे झाले आणि तो चेहरा एकदम घरात कोणी येऊन बसावं तसा समोर आला.

माया चहा घेऊन आली ती दारातच थबकली. "हा तर आता बोलेल," ती म्हणाली.

हरिचंद्रला अभिमान वाटला. मेलेल्या माणसाच्या चित्राचा अभिमान वाटू नये हे कळत होतं, तरी वाटला. इतकं चांगलं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

झेरॉक्स चौक्यांवर, स्टेशनांवर, दवाखान्यांत लागल्या. शंकररावांनी एक पाहिली. हरिचंद्र त्यांच्या घरातला चिखल उपसायला गेला होता तेव्हा त्यांनी विचारलं, "डोळे कुठून आणलेस?"

"अंदाजाने काढले सर. नव्हतेच ते."

शंकरराव खोऱ्याने चिखल ओढत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "अंदाज म्हणजे काय? कुठून तरीच येतो तो."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ओळख पटली. फौजदारांनी कौतुकाने फोन केला. "सर, तुमच्या चित्रामुळे. चामटोलीची बाई आहे, भाजी विकते. पाहिल्या पाहिल्या खाली बसली. म्हणाली, माझाच पोरगा."

गोजरबाईचा एकुलता मुलगा. नाव बाळ. शहाडला कारखान्यात होता. सव्वीस तारखेला सकाळी कामावर गेला तो परतला नव्हता. हरिचंद्रने त्याला कधी पाहिलं नव्हतं. मुलगा कधी वर्गाकडे फिरकला नव्हता, आणि गोजरबाई घरचं काही बोलत नसे.

प्रेत गुंडाळून तिच्या ताब्यात दिलं. उघडू नका, असं सांगितलं. चामटोलीच्या लोकांनी अग्नी दिला. मूळ चित्र तिने मागून घेतलं. फ्रेमवाल्याने ते आपल्याकडून फ्रेम करून दिलं.

दहाव्याला हरिचंद्र आणि माया चामटोलीला गेले. ओसरीवर माणसं बसली होती. आतल्या भिंतीवर चित्र, त्याला झेंडूचा हार, आणि बरोबर त्याच्याखाली गोजरबाई, भिंतीला टेकून. हरिचंद्र दारात उभा राहिला. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. वरून चित्रातला तो पाहत होता, खालून ती. दोन चेहरे आणि एकच डोळे. पापणीच्या त्याच दोन घड्या, डावीकडच्या कोपऱ्यातलं तेच काहीतरी.

शेजारची एक म्हातारी मायाला सांगत होती, "डोले बग, आयचेच. कोनीपन सांगल कोनाचा पोर हाय तो."

हरिचंद्रने चित्राकडे पुन्हा पाहिलं. मे महिन्यात जे त्याच्या हाताला सापडलं होतं, तेच हाताने जुलैत पुन्हा काढलं होतं. दुसरं काही त्या हाताला येतच नव्हतं. पण बाळ तिचाच मुलगा, त्याचे डोळे तिच्यासारखे असणारच. कोणी सांगावं, खरंच तो बाळच असेल. त्याने स्वतःला असं समजावलं. तिथे उभं राहून, दहा दिवस उपाशी असल्यासारख्या दिसणाऱ्या त्या बाईला तो काय म्हणणार होता? काहीच बोलला नाही. चहा घेतला, निघाला.

ते न बोलणं त्याच्याबरोबर घरी आलं.

पहिल्यांदा फ्रेमवाल्याच्या दुकानात लक्षात आलं. एका म्हाताऱ्या सिंधी गृहस्थाचं चित्र करत होता, फोटो समोर होता, चांगला स्पष्ट होता. तरी डोळे काढले तर गोजरबाईचे आले. खोडले. पुन्हा तेच. फ्रेमवाला म्हणाला, "ये तो कोई और है, साईं." हरिचंद्रने ते काम परत केलं. मग दुसरंही परत केलं. हळूहळू घरात डोळे नसलेले चेहरे साठायला लागले. माया झाडू मारताना ते पालथे करून ठेवायची. एकदा म्हणाली, "अहो, हे असं नका ठेवत जाऊ. मला पाठ करून भाकरी थापता येत नाही."

शाळेत फळ्यासमोर उभा असताना त्याला वाटायचं, मागच्या बाकावर कोणीतरी मोठा माणूस बसलाय. वळून पाहिलं की पोरंच. बाजारात समोरून येणाऱ्या माणसाचा कान पाहायची त्याला सवय लागली. पाळी सुटी की चिकटलेली? त्या सवयीचं कारण त्याने कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

शंकररावांचा वर्ग वरच्या मजल्यावर पुन्हा सुरू झाला. गोजरबाई मात्र बसायला येईना. एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मास्तर, माज्याकडं बघणारा घरात एक हाय आता. दिसभर बघत असतो. तेवडं पुरे."

२००७ साली, होळीच्या दोन दिवस आधी, बाळ घरी आला.

पायात नवे बूट, हातात पिशवी. गाव आधी पळालं आणि मग गोळा झालं. पुराच्या दिवशी तो शहाडला अडकला होता, आणि तिसऱ्या दिवशी एका मित्राबरोबर परस्पर दमणला गेला. तिथे एका प्लास्टिकच्या कारखान्यात लागला. आईशी भांडण होतं. कारखान्यातल्या कोणीतरी म्हटलं होतं, तुझी आई पैसे घेऊन पुरुषांसमोर बसते आणि ते तिची चित्रं काढतात. त्याने आईला विचारलं, तिने सांगितलं, हो बसते, लुगडं नेसून खुर्चीत बसते. त्याला ते पटलं नाही. आपण मेलो आहोत हे त्याला माहीतच नव्हतं. घरात शिरला तर भिंतीवर हार घातलेला कोणी अनोळखी माणूस, आणि आई त्याला नैवेद्य दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई चित्र लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून अंबरनाथला आली. हरिचंद्रची शाळा सकाळची होती, दुपारी तो घरी होता. तिने चित्र जमिनीवर ठेवलं आणि समोर बसली.

"मास्तर, ह्यो कोनाचा?"

हरिचंद्रने फडक्याचा कोपरा उचलला.

"माजा बाळ आलाय. जित्ता हाय. त्याचे डोले त्याच्या बापासारके हायेत, घारे. मी आय असून मना त्या दिवशी ते आठवलं नाय. ह्याला बघितला आन् वाटलं, माजाच." ती थांबली. "दीड वरीस ह्याला हार घातला. पोटचा म्हनून जाळला. आता ह्याला कुटं ठेवू?"

"गोजरबाई," हरिचंद्र म्हणाला, "डोळे तुमचे आहेत. मी तुमचे डोळे काढले. मुद्दाम नाही. त्याला डोळे नव्हते."

"कदी कळलं तुमाला?"

"दहाव्याला."

स्वयंपाकघराच्या दारात माया उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं. गोजरबाईने खूप वेळ त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला, कारण त्या डोळ्यांकडे पाहणं त्याला जमत नव्हतं.

"तवाच बोलाचं होतं," ती शेवटी म्हणाली. आवाज चढला नाही. "त्याची बी कोन आय आसल ना. ती वाट बघत आसल. चला, शोदू."

हरिचंद्रने फौजदारांकडे चौकशी केली. त्यांची बदली झाली होती. नव्या माणसाने बाळच्या परत येण्याची नोंद घेतली, कागद पुढे पाठवला आणि सांगितलं, बघू. हरिचंद्रकडे शवागारातले तीन कागद होते. ते घेऊन तो शंकररावांकडे गेला आणि सगळं सांगितलं. शंकरराव तेव्हा अंथरुणाला खिळले होते.

"पुन्हा काढ," ते म्हणाले. "या वेळी जे पाहिलंस तेवढंच."

"मग डोळ्यांच्या जागी काय ठेवू सर? पांढरं ठेवलं तर लोक घाबरतात."

"मिटलेले काढ. तेही तू पाहिलेले नाहीस, पण मिटलेल्या डोळ्यांत दुसरं कोणी शिरत नाही."

ते चित्र करायला त्याला अकरा दिवस लागले. पुरात मेलेला माणूस नव्हे, झोपलेला माणूस. आणि बाजूला, स्वतंत्र, कान.

मे महिन्याच्या सुट्टीत हरिचंद्र आणि गोजरबाई फिरायला लागले. ती भाजीचा धंदा सकाळी आटपून यायची. शहाडच्या चाळींपासून सुरुवात केली, मग नदीकाठाने वर वर. वीटभट्ट्या, गोठे, कारखान्यांची फाटकं. पुरात हरवलेली माणसं अनेक होती. लोक चित्र हातात घेत, सावकाश पाहत, कोणी रडायला लागे, मग मान हलवून परत देई. चार-पाच घरांत त्यांना आशेने पाणी दिलं गेलं आणि ते तिथून निघाले तेव्हा कोणी निरोप द्यायला उठलं नाही. घाम पुसत गोजरबाई सगळीकडे एकच वाक्य सांगायची: "मी अग्नी दिलाय ह्याला. नीट दिलाय. कोनी आसल तं सांगा."

महिनाभर चालल्यावर ती एकदा म्हणाली, "आपन मांजर्लीत तं विचारलंच नाय."

खरंच विचारलं नव्हतं. ती रोजची जागा होती म्हणून.

शंकररावांच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत एक बाई खिडकीशी बसून साड्यांना पिको करत होती. हरिचंद्र पुढे जाणार होता. तेवढ्यात तिने घामाने चिकटलेले केस कानामागे सारले. पाळी गालाला चिकटलेली होती. वरच्या कडेला छोटी खाच.

तो थांबला. त्याने कानाचा कागद खिडकीतून पुढे केला.

मशीन थांबलं. तिने कागद पाहिला, मग आपसूक हात स्वतःच्या कानाकडे नेला. "हे कोणी काढलं?"

तिचं नाव भावना. वय तिशीच्या आसपास, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. धाकटा भाऊ आकाश तिच्याजवळ राहायचा, गॅसच्या एजन्सीत सिलिंडर पोचवायचा. पाणी चढलं तेव्हा दोघं समोरच्या इमारतीच्या जिन्यात पोचले होते. "मीच म्हणाले मशीन राहिली," भावना म्हणाली. "तो नुसतं मशीनचं डोकं सोडवून आणतो म्हणाला. दोन मिनिटांत येतो म्हणाला."

हरिचंद्रने झोपलेल्या माणसाचं चित्र उघडलं. तिने ते मांडीवर घेतलं. एवढंच म्हणाली, "हो."

भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली एक छोटा रंगीत फोटो होता, त्याला हार नव्हता. तिने तो काढून दिला. एजन्सीच्या गणवेशातला मुलगा, हसत नव्हता. डावी पापणी जराशी लोंबलेली, तो डोळा उजव्यापेक्षा लहान. जन्मापासून तसाच, ती म्हणाली. शाळेत चिडवायचे. हरिचंद्र त्या फोटोकडे पाहत राहिला. कितीही हाडं मोजली असती तरी ही पापणी त्याला सापडली नसती.

"ते पहिलं चित्र तुम्हीच काढलं होतं का?" भावनाने विचारलं.

हरिचंद्रने मान डोलावली.

"मी पाहिलं होतं ते. पुरानंतर आठव्या दिवशी चौकीत गेले होते. भिंतीवर लावलेलं. खूप वेळ उभी होते. हनुवटी त्याची, कपाळ त्याचं. कान तर माझाच. पण डोळे बघितले आणि वाटलं, नाही, हा वेगळा कोणीतरी. इतके मोठे, सरळ डोळे. मला बरं वाटलं तेव्हा. म्हटलं आकाश कुठेतरी असेल." तिने फोटो परत घेतला. "दोन वर्षं मी दाराची कडी आतून लावली नाही."

ती ओरडली असती तर हरिचंद्रला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "माझी चूक झाली ताई. आणि कळल्यावरही मी गप्प बसलो." तिने फोटो परत भिंतीवर लावला.

गोजरबाई एवढा वेळ उंबऱ्यावर बसली होती. ती आत सरकली आणि भावनाच्या शेजारी बसली. "तुज्या भावाला मी अग्नी दिला बाय. पोर म्हनून. मना म्हायती नव्हतं."

"कुठे?"

"चामटोलीला. नदीवर."

"तुम्ही रडलात?"

"लय."

भावना मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिली. मग विचारलं, "नैवेद्याला काय ठेवायचात?"

"भात. सुकट. माज्या पोराला आवडते म्हनून."

"आकाशला सुकटीचा वास सहन व्हायचा नाही," भावना म्हणाली, आणि इतका वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे तिथे भरून आले. गोजरबाईने तिला जवळ ओढलं. हरिचंद्र बाहेर गल्लीत येऊन उभा राहिला. दोन वर्षं दर रविवारी तो या गल्लीच्या तोंडावरून वर्गाला गेला होता. खांद्यावर सिलिंडर घेतलेला हा मुलगा त्याला दहा वेळा तरी आडवा गेला असेल. एकदाही त्याने त्याचा चेहरा पाहिला नव्हता.

कागदोपत्री व्हायचं ते हळूहळू झालं. भावनाने विहारात भन्तेंना बोलावून आकाशसाठी वंदना केली, तेव्हा गोजरबाई आणि बाळ दोघं आले. बाळ मागे उभा राहिला, फोटोकडे टक लावून. नंतर तो हरिचंद्रला म्हणाला, "सर, मी आलो नसतो तर बरं झालं असतं का?" हरिचंद्रने त्याला नाही म्हटलं, पण त्या मुलाला ते पुरलं नसावं. पावसाळ्यानंतर तो आईजवळच राहिला, बदलापुरात काम धरलं. आकाशची सिलिंडर पोचवायची जागा त्याला देऊ केली होती, ती त्याने घेतली नाही.

भावनाच्या सांगण्यावरून हरिचंद्रने फोटोवरून आकाशचं चित्र केलं. चार महिने लागले. त्याने हसू घातलं नाही. डावी पापणी जशी होती तशी लोंबलेली ठेवली. ती काढताना त्याचा हात पहिल्यांदा गोजरबाईच्या घड्यांकडे वळला, तो त्याने मागे घेतला, आणि असं कितीतरी वेळा झालं. शंकररावांना ते दाखवायचं राहिलं. ते दिवाळीच्या सुमारास गेले. त्यांचं चित्र कर, असं वर्गातले सगळे म्हणाले. हरिचंद्रने अजून केलेलं नाही.

फ्रेमवाल्याचं काम त्याने सोडलं. पहिलं चित्र गोजरबाईने परत नेलं नाही, भावनाला ते नको होतं. ते अंबरनाथच्या घरातच राहिलं, कपाटामागे, कापडात. जाळायला मायाचं मन होत नाही. ती म्हणते, त्यात अर्धा कोणाचा भाऊ आहे आणि अर्धी कोणाची आई. कधी कधी ती कपाटाजवळून जाताना पदर डोक्यावर घेते, घरात कोणी मोठं माणूस असावं तसा.

२००९च्या जानेवारीत पोलिसांचा पुन्हा फोन आला. दुसरं प्रेत, या वेळी स्त्री, विहिरीतून काढलेली. हरिचंद्रने मायाकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा." तो गेला, दोन तास बसला, मापं घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मिटलेल्या डोळ्यांचं चित्र नेऊन दिलं.

नवे फौजदार तरुण होते. चित्र पाहून म्हणाले, "सर, काम एक नंबर आहे. पण डोळे उघडे असते तर लोकांना पटकन ओळखता आलं असतं."

"मी ते पाहिलेले नाहीत," हरिचंद्र म्हणाला.

त्याने नळावर हात धुतले, नखांतला चारकोल काढला आणि शाळेची रिक्षा पकडली. तिसरा तास त्याचा होता, सातवी ब. त्या बाईला घ्यायला कोणी आलं की नाही, हे त्याने विचारायचं नाही असं ठरवलं होतं. आठवडाभरात त्याने चौकीत चार वेळा फोन केला.